चाळीस घरांचे बी

“ज्याने कुणी हे केले, त्याने साऱ्या गावाच्या तोंडचा घास पळवला आहे!”

एकदा एक तरुण शिष्य भर चावडीवर उभा राहून असे बोलला. तो नाव कुणाचेच घेत नव्हता, पण नजर मात्र प्रत्येकावरून फिरवत होता. गावाच्या बी-कोठीतल्या सगळ्या बरण्या त्या सकाळी रिकाम्या निघाल्या होत्या. तळ्याकाठच्या सामायिक मळ्यात दोन दिवसांनी पेरणी होती.

मळा चाळीस घरांचा. सगळ्यांनी मिळून कसायचा आणि सगळ्यांनी वाटून खायचा. शिकून परतलेल्या या शिष्याने तीन वर्षे खपून तो उभा केला होता. बियाणे विकणारा एक व्यापारी गावात येऊन बसलाच होता. बी मी देईन, मात्र मी सांगेन तेच पिकवायचे आणि पिकलेले मलाच विकायचे, अशी त्याची अट होती. ती एकदा मान्य केली, की मळा नावापुरताच गावाचा उरणार होता. म्हणूनच शिष्याने सुगीनंतर घरोघरचे वाल, घेवडा, भोपळा, अंबाडी असे सगळे बी मागून आणले, एका कोठीत बरण्यांमध्ये भरले, झाकणे मेणाने बंद केली आणि किल्ली गुरूंपाशी ठेवायला दिली.

चावडीच्या पायरीवर बसलेले वृद्ध गुरू शांतपणे म्हणाले, “मीच ओतलं ते. खताच्या खड्ड्यात.”

शिष्य गर्रकन त्यांच्याकडे वळला. हाच माणूस, ज्याने त्याला माती हातात धरायला शिकवले होते! व्यापारी गालात हसला आणि आपली पोती सोडायला उठला.

गुरूंनी शिष्याला हाताला धरून आपल्या ओसरीवर नेले. तिथे एक ओले फडके गुंडाळून ठेवलेले होते. त्यांनी ते उलगडले. सहा दिवसांपूर्वी बरण्यांतले वीस-वीस दाणे त्यांनी त्यात घातले होते. वालाचे दोन दाणे अंकुरले होते, भोपळ्याचा एक. बाकीचे मऊ पडले होते, त्यांना कुबट वास येत होता.

शिष्याला आठवले. बी गोळा केले तेव्हा आभाळ भरून होते. आणखी चार उन्हे दाखव, दाताखाली कट्‌कन तुटले पाहिजे, असे बायकांनी बजावले होते. त्याला धीर नव्हता. त्याने ओलसर बीच बंद केले होते, स्वतःच्या हातांनी.

“मला आधी का नाही सांगितलंत?” त्याने विचारले.

“तू मानलं नसतंस. यातलं थोडं तरी उगवेल म्हणून पेरलं असतंस आणि मग हंगामच गेला असता. ऊठ. टोपली घे.”

ते घरोघर गेले. पहिल्या घरात आढ्याला मक्याची कणसे टांगलेली होती, चुलीच्या धुराने काळवंडलेली. दुसऱ्या घरात राखेच्या मडक्यातून वाल निघाले. तिसऱ्या घरातल्या सासूने साडीच्या चिंधीत बांधलेली अंबाडी सोडली आणि सून पाहत नाही ना, हे पाहून आणखी एक पसा घातला. सहाव्या दारापर्यंत टोपली अर्धी भरली होती. शिष्याला हायसे वाटले आणि लगोलग रागही आला. म्हणजे या लोकांनी त्याला सगळे दिलेच नव्हते तर!

गुरूंनी त्याचा चेहरा ओळखला. वाटेत थांबून ते म्हणाले, “शेवटची मूठ कुणालाच द्यायची नाही, ही इथली रीत आहे. मागणारा देव असला तरी नाही. आजही प्रत्येक घराने थोडं मागे ठेवलंच आहे. यात तुझ्यावर अविश्वास नाही. तू एका कोठीत बी ठेवलंस, तिथे एक चूक पुरली. चाळीस घरांतलं बी बुडवायला चाळीस चुका लागतात, आणि त्याही एकाच साली. कुणी विसरेल, कुणी शिजवून खाईल, कुणाचं उंदीर नेतील. तरीही कुठल्या ना कुठल्या चुलीपाशी ते जिवंत असेल. गावाचं अन्न कुणा एका शहाण्याच्या भरवशावर ठेवू नये. माझ्याही नाही.”

शिष्य टोपली उचलून पुढच्या दाराकडे निघाला. टोपली भरत चाललेली पाहून व्यापारी सोडलेली पोती पुन्हा बांधत होता, ते त्याला लांबून दिसले.

शेवटचे घर ठकूबाई कोष्टिणीचे. तिच्या मागच्या भिंतीवर शेणाच्या थापट्यांत भोपळ्याचे बी दाबून वाळवलेले होते. ती उलथण्याने एकेक थापटी सोडवू लागली. गावाला कधीतरी सांगावेच लागणार होते. इथूनच सुरुवात करावी म्हणून शिष्याने मान खाली घालून कबूल केले, की गुरूंनी बी उगाच ओतले नव्हते, ते त्याच्याच घाईने कुजले होते.

“एवढंच ना?” ठकूबाई हात न थांबवता म्हणाली. “माझं दोनदा गेलंय, लेकरा. हे शेजारणीचं आहे.”