सोळा मुखांचा शब्द

एका राज्यात चंद्रसेन नावाचा राजा होता. त्याने मायावी जादूगाराचा रत्नांचा हंडा उघडला आणि शाप भोवला. पायापासून देह दगड होऊ लागला. हंड्यात एक लाख शब्दांची पोथी होती. त्यांतच शाप सोडवणारा शब्द होता.

दरबारात पितळेचे बोलते मस्तक होते. ते पोथीतला एकेक शब्द उच्चारी. राणी सुमेधा म्हणे, "लवकर!" मस्तक वेग वाढवी. वेगाने ते तापले, लाल झाले, वितळू लागले. दगड राजाच्या कमरेला पोचला.

तेव्हा राणीची पाळलेली साळुंकी तिच्या खांद्यावर बसून म्हणाली, "राणीसाहेब, घोडा फटक्याने किती धावेल? तुळाई तांबटिणीला बोलवा."

तुळाई आली. मस्तक पाहून म्हणाली, "हे मोडावं लागेल."

"मोडलंस आणि राजा गेला तर?"

"नाही मोडलं तर जाणारच आहेत."

राणीने डोळे मिटले. "मोड."

तुळाईने त्या पितळेची सोळा लहान मस्तके ओतली. ती हळू बोलत, पण तापत नसत. हे पहिले काम झाले.

पण सोळाही जणांना पोथी एकच. एक वाचे, पंधरा ताटकळत. दगड छातीशी आला. तुळाईने पोथीची शिवण उसवली, पाने वाटली, ज्याची पाने त्याच्या पुढ्यात ठेवली. हे दुसरे काम. सभागृह शब्दांनी घुमू लागले.

सातव्या मस्तकाच्या शब्दाने राजाच्या डाव्या पायाचा दगडी अंगठा हलला. अकराव्याच्या शब्दाने उजव्या पायाचा. साळुंकी ओरडली, "शब्द जोडीचा आहे! दोन्ही एका क्षणी उच्चारा!"

पण सातवे म्हणे, "तू बोललास की मी बोलेन." अकरावेही तेच म्हणे. दोघे वाट पाहत गप्प. दगड गळ्याशी आला.

तुळाईने हातोडा उचलला. "एकमेकांकडे पाहू नका. माझा ठोका ऐका. तिसऱ्याला बोला."

ठण्. ठण्. ठण्!

दोन्ही शब्द एकत्र निघाले. राजाच्या अंगावरून दगडाचे कवच खळकन गळून पडले. त्याने पहिला श्वास घेतला आणि राणीला म्हणाला, "तू रडलीस?"

"नाही," राणी म्हणाली, आणि मग रडली.

राजाने हंडा नदीत बुडवला. सोळा मस्तके सोळा गावांच्या चावडीवर गेली, तिथल्या पोथ्या वाचून उत्तरे देऊ लागली, आणि कोणाचाही प्रश्न उत्तरावाचून राहिला नाही. त्या राज्याची घडी बसली, ऐकणाऱ्यांचीही बसो.