किल्लीचा घोटा

हैबती वस्तादांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची तालीम बंद पडली. तालमीचं कुलूप वस्तादानंच, तेही उजव्या हातानं उघडायचं, हा तिथला रिवाज. त्यामुळे किल्ली त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. रोज पहाटे ते दारापाशी जात, उजव्या हाताच्या लुळ्या बोटांनी किल्ली फिरवू बघत आणि कुलूप गंजलंय म्हणून शिव्या घालत माघारी येत. फटीतून येणारा तांबड्या मातीचा वास तेवढा घरापर्यंत सोबत येई.

आजारी हातांना रोजची कामं पुन्हा शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट शाल्मली एकदा त्यांच्याबरोबर गेली. तिनं त्या मोठ्या लोखंडी किल्लीच्या भोकात वीतभर लाकडी दांडी आडवी बसवली.

वस्ताद भडकले. "मी काठीच्या आधारानं कुलूप उघडू? लोक हसतील!"

"वस्ताद, आडदांड गड्याचा पाय उचलायचा, तर तुम्ही कुठं धरायला शिकवता? मांडीला?"

"मांडीला धरून हलतोय होय तो? घोट्याला धरायचा, पार टोकाला. थोडक्या जोरात अख्खा गडी उलथतो."

"मग लोक हसतात?"

"हसतील कशाला? डाव आहे तो!"

"मग मीही किल्ली घोट्यालाच धरायला दिलीय."

वस्तादांनी दांडीचं टोक मुठीत धरून दाबलं. खटकन कुलूप उघडलं. दार लोटताच मातीचा वास अंगावर आला. डोळे मिटून ते कितीतरी वेळ उंबऱ्यातच उभे राहिले.

शाल्मली हळूच आत निघाली, तशी मागून जुनी गर्जना आली.

"ए पोरी! चपला बाहेर!"