दयाळाची शीळ

खूप वर्षांमागे एका वडावर पाखरांचं विद्यापीठ भरत असे. तिथे कुणाचं गाणं वर्गात शिकवायचं तर आधी त्याला विचारायचा नियम होता, आणि ते विचारून आणायचं काम खारीकडे होतं. प्राध्यापक मंडळी मात्र तास सुरू व्हायच्या वेळी उगवत आणि म्हणत, "आत्ताच्या आत्ता परवानगी आणा!" खार पार कावून गेली होती.

या सगळ्यांवर वरताण होता कोतवाल पक्षी. दयाळ पक्ष्याची शीळ तो न विचारताच वर्गावर्गात शिकवायचा. खारीनं हटकलं की म्हणायचा, "अहो बाई, विद्या वाटल्यानं वाढते. तुमचं आपलं उगीच काहीतरी!"

एका सकाळी तोच पंख आपटत आला. "साळुंकी माझी धोक्याची हाक शिकवतेय! मला विचारलं का कुणी?"

खारीनं कपाळावर हात मारून घेतला. "नाही विचारलं. ती म्हणाली, विद्या वाटल्यानं वाढते."

कोतवाल पंख आवरून बसला. मग खाली बघत म्हणाला, "दयाळाची परवानगी काढायला किती दिवस लागतील हो?"

"दिवस कसले, सर? तो तुमच्या शेजारच्याच फांदीवर राहतो."