‘पोचलं’ म्हणण्याआधी

“पण ‘पोचलं’ असं सांगतं कोण?” माईंनी विचारलं.

“साठवणीचं मशीन,” चिदंबर म्हणाला.

डोंगरावरच्या त्या मठात एकटी पडलेली म्हातारी माणसं येत, माईंपाशी बसून आपलं आयुष्य सांगत. त्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज सर्व्हरवरून साठवणीच्या मशीनकडे जात. ही साठवण वेगवान करण्याचं काम चिदंबरने हौसेने मागून घेतलं होतं.

त्याने एनएफएस आणि आयस्कझी या साठवणीच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. पहिलीत फायली सगळ्या सर्व्हरना मिळून वापरता येत. दुसरीत डिस्क एकाच सर्व्हरच्या हवाली होई. मठात सर्व्हर दोन, म्हणून त्याने एनएफएस निवडलं. मग बरीच खटपट केली, आणि शेवटी एक सेटिंग असं बदललं की वेग चौपट झाला. आता डिस्कवर लिहून व्हायच्या आतच मशीन ‘पोचलं’ म्हणून मोकळं होत होतं.

“आणि मधेच वीज गेली तर?”

“तेवढे आवाज जातील. पण असं क्वचितच होतं, माई.”

त्याला शाबासकी हवी होती. आई गेल्यावर तो इथे आला आणि त्याने कामात डोकं खुपसलं, ते अजून वर काढलं नव्हतं.

माई पावट्याच्या शेंगा सोलत राहिल्या…

ती शांतता त्याला सोसवेना. सांगायचं नाही असं ठरवलेलंच तोंडून निघालं.

“माई, आई गेल्यापासून मला…”

“ऐकलं,” माई म्हणाल्या.



“मी अजून सांगितलंच नाही,” चिदंबर म्हणाला.

“पण ‘ऐकलं’ म्हणून किती लवकर झालं.”

त्याला आधी राग आला, मग रडू. इतकं एकटं त्याला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तो उठला, सर्व्हरच्या खोलीत गेला आणि ते सेटिंग पूर्ववत केलं. वेग धाडकन खाली आला. सकाळी येऊन गेलेल्या एका आजोबांचा आवाज हळूहळू डिस्कवर उतरू लागला. प्रत्येक तुकडा लिहून होईपर्यंत मशीन थांबत होतं, मगच ‘पोचलं’ म्हणत होतं. चिदंबर ते बघत उभा राहिला.

तो परतला तेव्हा शेंगांची टोपली बाजूला सारलेली होती. माईंनी समोर एक पाट मांडला होता. तो बसला.



“हं,” माई म्हणाल्या, “आई गेल्यापासून?”