थंडीबाईची ओटी

सरका जवळ. ए वेणू, गार पाय मला लावू नकोस बाई! हं, ऐका आता.

एकदा काय झालं, एका गावात हौसाक्का नावाची म्हातारी होती. तिचं परसू इवलंसं, पण हिरवंगार, बरं का! ऐन माघात झेंडू, वांगी, घेवड्याचा वेल. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती तिथंच बसायची, झाडांशी गप्पा मारायची. तिची लेक बनू पोटुशी होती. बनूचा निरोप आला, "आये, मला तुझ्या घेवड्याचे डोहाळे लागलेत. चार दिवसांनी येते."

आणि नेमका तेव्हाच थंडीनं कहर केला! पहिल्या दिवशी झेंडू काळा पडला. हौसाक्कानं गोणपाटं पांघरली. दुसऱ्या दिवशी वांग्यांनी माना टाकल्या. मग तिनं शेकोटी पेटवली. तिसऱ्या दिवशी वेलही करपला, पाचच शेंगा उरल्या. मग मात्र हौसाक्का खराटा घेऊन धावली, "कोण गं मेली ती?"

बघते तर वेलाखाली एक बाई. धुक्याचं लुगडं, अनवाणी पाय, डोळ्यांत पाणी. थंडीबाई हो!

"रागावू नका, आक्का. सगळे माझ्या तोंडावर दार लावतात. तुमचं परसू दिसलं की बसावंसं वाटतं. पण मी बसते तिथलं करपतं. मी तरी काय करू?"

"मग जा की आपल्या घरी!"

"कशी जाऊ? चार महिने माहेरपणाला येते मी. जो तो म्हणतो, जा एकदाची! ओटी कुणी भरत नाही. माहेरवाशीण रिकाम्या पदरानं जाते का कधी?"

हौसाक्कानं खराटा टाकला. मग कुंकू आणलं, तांदूळ आणले. पण घरात नारळ नव्हता, काहीच नव्हतं. ती वेलाकडं बघत राहिली. बनूच्या शेंगा त्या! हात धजावतोय होय? रडली बिचारी. पण पाचही तोडल्या आणि थंडीबाईच्या पदरात घातल्या. म्हणाली, "तूही कुणाची तरी लेकच आहेस गं."

मग थंडीबाईनं काय केलं? ओटीतले चिमूटभर तांदूळ आपण माघारी ठेवतो ना, तसे तिनं वेलाच्या बुंध्याशी ठेवले. आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "येते हं, आये." आणि निघून गेली.

मग छान ऊन पडलं. वेलाला पालवी फुटली. बनू दारात येईस्तोवर वेल शेंगांनी लगडला! बनूनं तीन वेळा भाजी मागून घेतली, आणि हौसाक्का तिच्याकडं बघतच बसली. सगळी सुखात राहिली.

तर थंडीला कुणी "जा मेली" म्हणायचं नाही, कळलं? ती निघाली की म्हणायचं, "ये गं बाई पुढच्या वर्षी." चला, निजा आता.