कोंडाजीची कावड

भाविकहो, धामणवेढे हे गाव महादेवाच्या डोंगराला टेकून वसलेले. माथ्यावरच्या देवळात निर्मळनाथ महाराजांचा मुक्काम असे. चैत्रात नदीचे पाणी कावडीने वर न्यायचे आणि देवाला घालायचे, ही तिथली रीत. वाटेत कावड जमिनीला टेकली की पाणी वाया गेले. मग वर्षभर गावाला रुखरुख.

त्या वर्षी कोंडाजी बुरुडाने कावड मागितली. त्याला लहानपणापासून फेफरे येई. चालता चालता पडे, अंग ताठ होई, लोक नाकाशी चप्पल धरीत. तरी महाराज म्हणाले, "ने बाळा."

गावचे पाटील नरसिंगराव. त्यांचा कोणावरच भरवसा नसे. गवळ्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारे! ते चारचौघांत म्हणाले, "यात काहीतरी काळंबेरं आहे. हा पडणार, बुवा आतून दुसरीच घागर काढणार आणि चमत्कार म्हणून मिरवणार." मग कोंडाजीकडे वळले. "अरे, हे तुझं कसलं जिणं? देवाने सोडवलं तर बरं!"

कोंडाजी हसला. "पाटील, फेफरं घटकाभर येतं. बाकीचा दिवस माझाच असतो की! टोपल्या विणतो, भजनात टाळ धरतो. वाईट एवढंच, की शुद्धीवर आलो की तोंडासमोर कोणाचं तरी पायताण."

लोक हसले. पाटलांना मात्र हे समाधानही खोटेच वाटले. बुवाने पढवले असणार!

कावडवाल्याने एकट्याने चढायचे आणि गावाने देवळात भजन करीत वाट बघायची, असा नेम. पाटील करवंदीच्या जाळ्यांआडून कोंडाजीच्या मागे निघाले.

अर्ध्या चढावर कोंडाजीचे पाऊल अडखळले. "महाराज!" एवढेच तो ओरडला आणि कोसळला. घडे फुटल्याचा आवाज ऐकायला पाटलांनी कान टवकारले. आवाज आलाच नाही! जाळी सारून बघतात तो कावड महाराजांच्या खांद्यावर. एका हाताने त्यांनी कोंडाजीला अलगद कुशीवर वळवले आणि जाळीकडे बघून म्हणाले, "पाटील, बाहेर या. खांदा द्या."

कावड पाटलांच्या खांद्यावर आली. वळून बघतात तो महाराज नाहीत! आसपासची झुडपे धुंडाळायची होती, पण कावड टेकवता येईना. पाटील तसेच घाम गाळीत उभे राहिले. पायाशी कोंडाजीचा श्वास हळूहळू संथ होत गेला.

डोळे उघडताच त्याने विचारले, "कावड टेकली का हो?"

"नाही," पाटील खांदा सावरीत म्हणाले.

दम खाऊन कोंडाजीने कावड परत घेतली आणि देवाला पाणी घातले. पाटलांनी आधी गुरवाला गाठले.

"महाराज मघाशी कुठं गेले होते?"

"कुठं जातील? सकाळपासून वीणा गळ्यात घेऊन इथंच उभे आहेत. गावाला विचारा!"

पाटलांनी निरखून पाहिले. महाराजांच्या खांद्यावर कावडीचा लालभडक वळ होता. काय ही भक्ताची काळजी! पाटलांनी पाय धरले, पण शंका काही सुटेना. "महाराज, एवढं सामर्थ्य, मग याचं फेफरंच का नाही घालवलंत?"

महाराज म्हणाले, "काय देऊ, म्हणून मी त्याला विचारलं. त्याने कावड मागितली. तुम्ही कधी विचारलंत?"

पाटील उठले, वळले आणि भरल्या देवळात त्यांनी कोंडाजीच्या पायांवर डोके ठेवले. कोंडाजी गडबडला. "अहो पाटील, उठा! लोकांना वाटेल, तुम्हालाच फेफरं आलं!"

सारे देऊळ हसले. पाटील मात्र बराच वेळ उठले नाहीत.