मोकळाईला शेंदूर का लावत नाहीत

खैरकोंडच्या डोंगरात मोकळाईचं ठाणं आहे. नवखा माणूस तिथे येतो आणि देवी बघून चमकतो. शेंदूर नाही, चांदीचे डोळे नाहीत, मुखवटा नाही. कमरेएवढा काळा उघडा दगड, आणि त्याच्या पायाशी मनगटाएवढी पाण्याची धार, वैशाखातही न तुटणारी. दारात मात्र लालभडक जाड कवचं पालथी पडलेली असतात, काही तर हातभर रुंद. लोक त्यांना फुटकी खापरं समजून ओलांडून जातात. ओलांडू नका! ती देवीची जुनी खोळ आहे. ती कशी उतरली हे ऐकल्याशिवाय आत पाऊल टाकलं, तर दर्शन घडलं असं या गावात कुणी मानत नाही.

पूर्वी हिचं नाव कोपाई होतं, असं सांगतात. नाव ठेवणाऱ्यांनी आपल्या मनातलं भय तिच्या कपाळी मारलं, दुसरं काय! वर भलामोठा कडा, कड्याच्या पायाशी देवी, आणि देवीच्या खाली उतारावर चाळीस घरं. एखादा धोंडा घरंगळला की देवी कोपली म्हणायचं आणि शेंदूर घेऊन धावायचं. पाटलाला मुलगा हवा होता, त्याने सव्वाशेर लावला. वाण्याने दीड शेर लावला, कारण पाटलाने सव्वाशेर लावला होता. सुना लावत, कारण सासूने सांगितलं. सासवा लावत, कारण त्यांच्या सासूने सांगितलं होतं. पोथ्यांत भक्त चार तऱ्हेचे सांगितलेत म्हणे. एक संकटात सापडलेला, एक काही हवं असलेला, एक देव म्हणजे काय ते जाणू पाहणारा आणि एक ज्याला ते उमगलंय तो. खैरकोंडात पहिले दोनच उदंड पिकत. त्यात वाईट काही नाही. पोट आहे तिथे मागणं आहे, आणि मागणाऱ्याला हसणाऱ्याने आधी आपली झोळी दाखवावी. चूक झाली ती निराळीच. मागताना देवीकडे कुणी बघितलंच नाही.

शेंदरावर तेल, तेलावर शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या. देवी फुगत फुगत रांजणाएवढी झाली. पूर्वी तिच्या पायाशी दगडाला घाम फुटायचा, सदा ओल असायची, असं म्हाताऱ्या सांगत. ती ओल खोळीखाली गडप झाली आणि कुणाला चुटपुटही लागली नाही.

गावात धुरपदा नावाची सुईण होती. तिचं घर कड्याच्या ऐन खाली, सगळ्यात वरचं. अडल्या वेळी तिचे हात हवेत आणि एरवी त्याच हातांचा विटाळ, मग मधल्या आळीत जागा कोण देणार? पण धुरपदेच्या जिभेला कुणी बांध घातला नव्हता. "पायाळू होतास पाटला, पाय धरून ओढलाय तुला," असं ती भर चावडीत म्हणायची आणि हैबती पाटील खाली बघायचा. तिचा एकच नेम होता. बाईच्या पोटावर हात ठेवला की बाई मोकळी होईपर्यंत काढायचा नाही.

एका साली पाऊस असा कोसळला की ओढ्यांनी वाटा बदलल्या. आश्विन लागला, आभाळ निवळलं, आणि मग डोंगर कण्हू लागला! दिवसाउजेडी, सगळ्यांच्या कानांदेखत. कड्याला भेग पडली, खडे टपाटप पडू लागले. सोमा गुरवाने कौल दिला: देवीला मणभर शेंदूर चढवा, आणि दिवस मावळायच्या आत गाव समोरच्या टेकाडावर न्या.

आधी शेंदूर, मग टेकाड, असं ठरवून गाव ठाण्याकडे निघालं. धुरपदा कशी निघणार? तिची लेक गोजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, त्याच सकाळी तिला कळा सुरू झाल्या होत्या. मूल आडवं होतं. उतारावरून बाजेवर नेलं असतं तर वाटेतच दोघं गेली असती. वर कडा, खाली लेक, आणि लेकीच्या पोटावर धुरपदेचा हात.

गोजरा कण्हली. मागोमाग डोंगर कण्हला. धुरपदेने कान टवकारले. आवाज चढला, टोकाला जाऊन मोडला, थांबला, दम खाऊन पुन्हा चढला. ही चाल तिने शेकडो घरांत ऐकली होती.

"गोजरे, ऐकतीस का? अगं हा राग न्हाई! राग असा दम खाऊन येत न्हाई. ह्या कळा हायेत. ती बाई अडलीय."

गोजराने ओठ आवळला. "मग जा की! माझं अजून लांब हाय. तिचं आधी बघ."

जन्मात पहिल्यांदा धुरपदेने चालू बाळंतपणातून हात काढला, असं सांगतात. चुलीवरचं गरम तेल घेतलं, नाळ कापायचा विळा कमरेला खोचला आणि चढण धरली. वाटेत तीही नवसच जुळवत होती, खोटं कशाला सांगायचं! लेक वाचव, बोकड देते. नातवंड वाचव, दोन देते.

ठाण्यावर हलगी कडाडत होती, पाटील घामाघूम, गुरव दोन्ही हातांनी शेंदूर थापत होता. धुरपदेची नजर देवीवर गेली. ती फुगलेली काया, ते कण्हणं. बोकड विसरला, नवस विसरला. रोजच्या सवयीने तोंडून निघालं, "काय होतंय गं बाई? कुठं दुखतंय?"

हलगी थांबली.

तिने दगडाला कान लावला. आत पाणी घुसमटत होतं, धडका देत होतं.

"मुडद्यांनो, वाट बुजवलीत हिची! आत पाणी तुंबलंय!"

"ए धुरपदे, हो मागं!" गुरव ओरडला. "बाळंतपणातले हात देवीला लावतीस?"

"दुसरे कुठनं आणू? ह्याच हातांनी तुला धुतलाय, सोमा."

तिने गरम तेल ओतलं, विळ्याच्या टोकाने खोळीची कड उचकटली. लोक खवळले. आता देवी गाव गिळणार! पाटलाने तिचं मनगट धरलं. "काकी, हात काढा!"

"न्हाई काढत. आज एकदा काढलाय, पुन्हा न्हाई. तोडायचा तर तोड."

तेवढ्यात मोठी कळ आली. कडा करकरला. पाटलाने तिचं मनगट ओढायला दुसरा हात दगडावर टेकवला होता. त्या हाताला ती थरथर लागली, आणि त्याचा चेहराच पालटला. गुरवाच्या हातून सव्वाशेर शेंदूर लावला होता त्याने, पण देवीला स्वतःचा हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"थरथरतीया," तो पुटपुटला. मग ओरडला, "कुदळ आणा रे!"

"कुदळ? अडलेल्या बाईला कुदळ लावतोस मेल्या? नखं हायेत न्हवं?"

आणि मग अवघं गाव तुटून पडलं! आधी बायका, मग वाणी, मग खुद्द सोमा गुरव. नखं तुटली, बोटं लाल झाली, शेंदराने की रक्ताने कोण बघतो! खोळ तडकली, एकेक कवच सुटलं, आणि पायाशी असा लोट उसळला की पुढची माणसं आडवी झाली. लाल, मातकट, मग पांढरंशुभ्र पाणी. घटकाभर वाहिलं. कडा एकदा हुंकारला आणि खाली टेकून निवांत झाला.

धुरपदा बघायला थांबली नाही. ओल्या हातांनीच धावत सुटली, लेकीच्या पोटावर हात ठेवला, आडवं मूल हलक्या हाताने वळवलं. दिवेलागणीला नात जन्मली.

पाटील उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. आजवर तो या घरापर्यंत कधी आला नव्हता.

"काकी, देवीला हवं तरी काय होतं?"

"हवं काय असणार तिला? इतकी वर्षं तिला कुणी इचारलं न्हवतं, एवढंच. झाली बिचारी मोकळी."

तेव्हापासून कोपाईची मोकळाई झाली.

आजही आश्विनातल्या त्या दिवशी देवीला पहिला हात सुईणीचा लागतो. आता सुईणी उरल्या नाहीत, म्हणून उपकेंद्रातल्या नर्सबाईंना मानाने वाजतगाजत आणतात. त्या दिवशी कुणी काही मागत नाही. एरवी मागा, खुशाल मागा, देवी ऐकते. पण आधी तिला विचारायचं, "बाई, बरी हायेस ना?" दगडाला कान लावायचा, हात ठेवायचा. आतून पाण्याचा आवाज येतो. तो ऐकू येईपर्यंत हात काढायचा नाही.